कुणाचा भविष्यकाळ, कुणाचा भूतकाळ

माझं इंग्रजी वाचन बैलगाडीच्या चालीनं चालतं. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई मी. चौतीस वर्षं तालुक्याच्या गावी हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवला. इंग्रजी कादंबरी हातात घेतली की शेजारी डिक्शनरी, पेन्सिल आणि वही लागतेच. दिवसाला आठ-दहा पानं झाली की गाडी सोडायची, बैलांना चारा-पाणी करायचं! लेक अमेरिकेतून फोनवर हसते, "आई, एवढ्या वेळात माझी तीन पुस्तकं होतात." होत असतील. पण बैलगाडीतून जाणाऱ्याला रस्त्याकडेचा दगडही दिसतो, हे मोटारवाल्यांनी लक्षात ठेवावं.

आज अशाच एका दगडाबद्दल लिहिते आहे.

पुस्तक आहे मार्गारेट ॲटवूड या कॅनडाच्या लेखिकेचं, 'द हँडमेड्स टेल'. १९८५ साली आलं. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यावरची टीव्ही मालिका पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेचं सरकार उलथवून काही कडव्या धर्मवेड्या पुरुषांनी 'गिलियड' नावाचं राज्य काढलंय. हवापाण्याच्या प्रदूषणानं आणि रोगराईनं मुलं होणं कमी झालंय. म्हणून ज्या बायकांना मूल होऊ शकतं त्यांना धरून आणायचं, लाल झगा आणि पांढरी टोपी घालायची, आणि मोठ्या अंमलदारांच्या घरी 'दासी' म्हणून ठेवायचं. मूल झालं की ते अंमलदाराच्या बायकोचं. दासीची रवानगी पुढच्या घरी. बायकांना वाचायला बंदी, इतकी की दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा अक्षरं नाहीत, नुसती चित्रं.

दासीचं स्वतःचं नावही जातं. फ्रेड नावाच्या अंमलदाराच्या घरी असेल तर ती 'ऑफ्रेड', म्हणजे फ्रेडची. मराठीच्या बाईला इथं थांबावंच लागतं. षष्ठी विभक्ती! चा-ची-चे. बाईचं नाव म्हणून काही उरलंच नाही, उरला तो एक विभक्तीचा प्रत्यय.

अशा पुस्तकांना 'डिस्टोपिया' म्हणतात. सगळं आलबेल असलेलं कल्पनेतलं राज्य म्हणजे युटोपिया, आपल्या भाषेत रामराज्य म्हणा. त्याच्या बरोबर उलटं ते डिस्टोपिया. आजची एखादी वाईट गोष्ट वाढत गेली तर उद्या काय होईल, हे त्यात लेखक दाखवतो. बायकांनी लिहिलेल्या अशा पुस्तकांत बाईच्या शरीरावर, नावावर, शिकण्यावर राज्यसत्तेनं ताबा घेतला तर काय होईल, हा प्रश्न असतो. ॲटवूडबाईंनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. जगात कुठे ना कुठे, कधी ना कधी माणसानं केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. त्यामुळे पुस्तक वाचताना अंगावर काटा येतो. २०१७ साली टेक्सासच्या विधानभवनात बायका लाल झगे घालून मुकाट्यानं बसल्या, २०१८ साली अर्जेंटिनात गर्भपाताच्या कायद्यासाठी हेच झगे रस्त्यावर आले. एखाद्या कादंबरीतला पोशाख देशोदेशीच्या मोर्चाचा गणवेश व्हावा, हे लेखिकेचं केवढं यश!

आता तो दगड.

पुस्तकात एके ठिकाणी ऑफ्रेडला टीव्हीवरच्या बातम्या बघायला मिळतात. युद्धाच्या बातम्यांबरोबर एक छोटी बातमी येते, की 'हामच्या वंशजांचं' पुनर्वसन ठरल्याप्रमाणे चालू आहे आणि त्यातले काही हजार नॉर्थ डाकोटात पोचले आहेत. एवढंच. ऑफ्रेडच्या मनात जरा येऊन जातं की इतक्या माणसांची तिथवर नेआण कशी करत असतील, आणि गोष्ट पुढे जाते.

हाम म्हणजे काय ते डिक्शनरीत नीट कळेना. मग मराठी बायबल काढलं. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाचे तीन मुलगे आहेत, शेम, हाम आणि याफेथ. नोहा हामवर रागावतो आणि हामच्या मुलाला, कनानला, शाप देतो की तू आपल्या भावांच्या दासांचा दास होशील. अमेरिकेतल्या गोऱ्या मालकांनी पुढे या गोष्टीचा सोयीस्कर अर्थ लावला. काळी माणसं हामच्या वंशातली, म्हणून गुलामी त्यांच्या कपाळी देवानंच लिहिलेली! तेव्हा 'हामचे वंशज' म्हणजे अमेरिकेतले सगळे काळे लोक. नॉर्थ डाकोटातल्या त्या वसाहतींना पुस्तकात 'नॅशनल होमलँड' म्हटलंय. १९८५ च्या वाचकाला त्यावरून दक्षिण आफ्रिका आठवणारच. तिथल्या गोऱ्या सरकारनं काळ्यांना त्यांच्याच देशात परकं ठरवून असल्याच 'होमलँड'मध्ये ढकललं होतं.

म्हणजे बघा, एका बातमीत कोट्यवधी माणसं कथानकाच्या बाहेर गेली. पुढची सगळी गोष्ट उरलेल्या गोऱ्या बायकांची. लाल झग्यातल्या दासी गोऱ्या, निळ्या झग्यातल्या बायकाही गोऱ्याच.

आणि आता इतिहासाच्या बाईला गप्प बसवत नाही. गिलियडमध्ये बाईचं जे जे होतं, ते ते अमेरिकेत कुणाचं झालं होतं?

नावापासून सुरुवात करू. गुलाम बाईला मालक ठेवील ते नाव, आणि आडनाव बहुधा मालकाचंच. वाचनबंदी? नॉर्थ कॅरोलायनात १८३० साली कायदाच झाला की गुलामाला लिहायला-वाचायला शिकवायचं नाही. गोऱ्यानं शिकवलं तर दंड, गुलामानं शिकवलं तर उघड्या पाठीवर फटके. जन्मभर खडू हातात धरलेल्या मला ही ओळ तीनदा वाचावी लागली.

आणि मूल? व्हर्जिनियात १६६२ साली एक कायदा झाला. मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरवायचं. इंग्लंडच्या रिवाजात सगळं बापावरून ठरायचं, इथं मुद्दाम उलटं केलं. का, ते तुमच्या ध्यानात आलं असेल. मालकानं गुलाम बाईवर जबरदस्ती केली आणि तिला मूल झालं, तर ते मूल त्याचं वारस होत नव्हतं, त्याची मालमत्ता होत होतं. पुढे १८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला बंदी आली. मग नवे गुलाम मिळायचा मोठा मार्ग एकच राहिला, गुलाम बाईची कूस.

हॅरिएट जेकब्ज ही अशीच नॉर्थ कॅरोलायनातली गुलाम बाई. मालकाच्या जाचातून सुटण्यासाठी ती आपल्या आजीच्या घराच्या माळ्यावर, जिथं धड उभंही राहता येत नाही अशा जागेत, जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. फळीला पाडलेल्या भोकातून खाली खेळणारी आपली मुलं बघायची आणि आवाज काढायचा नाही. पुढे ती उत्तरेकडे निसटली आणि १८६१ साली तिनं स्वतःची कहाणी दुसऱ्या नावानं छापली. ते पुस्तक कल्पित नाही. ऑफ्रेडच्या सव्वाशे वर्षं आधीची ती खरी दासी.

शाळेत मी मुलांना काळ शिकवायचे. वर्तमान, भूत, भविष्य. वाक्य तेच, क्रियापद बदललं की काळ बदलतो. ॲटवूडबाईंचं पुस्तक मला तसं दिसतं. काळ्या बाईचा भूतकाळ घेतला, कर्त्याच्या जागी गोरी बाई घातली आणि क्रियापद भविष्यकाळात नेलं. वाक्य भयंकर झालं, जगभर पोचलं. पण मूळ कर्ता वाक्यातून गेला तो गेलाच.

मंडळी, यात मी एवढी का गुंतले, ते आता सांगते. नातेवाइकांना माहीत आहे, इतरांसाठी लिहिते. माझा जावई कृष्णवर्णीय अमेरिकन आहे, बाल्टिमोरचा. लेक तिकडे शिकायला गेली, नोकरीला लागली आणि २००६ साली तिनं त्याच्याशी लग्न केलं. तेव्हा आमच्याच गोतावळ्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "परदेशातलाच करायचा होता तर गोरा तरी बघायचा होता!" नात झाली तेव्हा पहिला प्रश्न "कशी आहे?" हा नव्हता. "रंग कुणावर गेलाय?" हा होता. मी उत्तर दिलं होतं, "आईच्या दुधावर वाढतेय, रंगाचं नंतर बघू." असो.

ही नात आता तिकडे अकरावीत आहे. तिला शाळेत हे पुस्तक वाचायला होतं, म्हणून आम्ही दोघींनी बरोबरच वाचायला घेतलं. ती मोटारीतून, मी बैलगाडीतून. रविवारी व्हिडिओवर बोलायचं. चौथ्या की पाचव्या रविवारी ती म्हणाली, "आजी, वर्गात सगळ्या मुली सांगत होत्या की आपण त्या जागी असतो तर कसं पळून गेलो असतो. मी काय सांगणार? मी त्या गोष्टीत कुठे असेन? मला तर आधीच बसमध्ये घातलं असेल ना?"

हा प्रश्न तिच्या वर्गातल्या गोऱ्या मैत्रिणींना पडण्याचं कारणच नव्हतं. त्या पुस्तकात शिरल्या की लाल झग्यात शिरतात. भिऊन, रडून, पुस्तक मिटून बाहेर येतात. माझी नात दारातच अडली. आणि तिच्या बाबतीत तर आणखी पंचाईत, कारण तिची आई आपली, बाप काळा. गिलियडच्या यादीत तिचा रकाना कुठला?

याच अडचणीला तिकडे एक नाव आहे, 'इंटरसेक्शनॅलिटी'. शब्द ऐकून घाबरू नका, अर्थ अगदी चौकातला आहे. १९८९ साली किंबर्ली क्रेनशॉ या कृष्णवर्णीय कायदेपंडित बाईंनी तो मांडला. त्यांनी एका खटल्याचा दाखला दिला होता. सेंट लुईसमध्ये जनरल मोटर्स कंपनीवर पाच काळ्या बायकांनी दावा लावला होता. कंपनीत १९६४ पूर्वी काळ्या बायकांना घेतच नसत. पुढे मंदीत शेवटी लागलेल्यांना आधी काढायचं ठरलं, तेव्हा साहजिकच १९७० नंतर लागलेल्या सगळ्या काळ्या बायका गेल्या. १९७६ साली कोर्ट काय म्हणालं? कंपनी बायकांना नोकरी देत होती, तेव्हा बाई म्हणून भेदभाव झालेला नाही. आणि वर्णभेदाचं म्हणाल तर तो दावा काळ्या पुरुषांच्या दाव्याबरोबर चालवा, 'काळी बाई' असा वेगळा वर्ग कायद्यात नाही. नोकरीवर घेतलेल्या त्या बायका होत्या ऑफिसातल्या गोऱ्या, आणि काळे होते ते कारखान्यातले पुरुष. काळी बाई दोन्हीकडून बाहेर!

क्रेनशॉबाईंनी याला चौकाची उपमा दिली. चौकात उभ्या माणसाला कुठल्याही रस्त्यानं येणारी गाडी ठोकरू शकते, कधी दोन रस्त्यांवरच्या गाड्या एकदमच. पण पंचनामा करणारा विचारतो, नक्की कुठल्या रस्त्यावर अपघात झाला ते सांगा, तरच नोंद करू.

माझी नात त्या चौकात उभी राहून प्रश्न विचारत होती.

ॲटवूडबाईंना हे दिसत नव्हतं असं मात्र म्हणता येणार नाही. पुस्तकाच्या शेवटी एक जोडपत्र आहे. २१९५ सालच्या एका परिषदेत प्राध्यापक मंडळी गिलियडवर चर्चा करतात. तिथला वक्ता सांगतो की गिलियडचं वर्णद्वेषी धोरण आभाळातून पडलं नाही, ते आधीच्याच समाजात मुरलेलं होतं, आणि त्या भीतीच्या जोरावर गिलियडला सत्ता घेता आली. म्हणजे कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते जोडपत्रात राहिलं, गोष्टीच्या पोटात शिरलं नाही.

टीव्ही मालिका २०१७ मध्ये सुरू झाली, २०२५ मध्ये संपली. मालिकावाल्यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी ती हद्दपारीच काढून टाकली. ऑफ्रेडची मैत्रीण मोइरा आणि नवरा ल्यूक या भूमिका कृष्णवर्णीय नटांना दिल्या. निर्मात्याचं म्हणणं असं, की सगळे गोरेच नट घेऊन वर्णद्वेष्ट्यांची मालिका काढली, तर वर्णद्वेषी मालिका आणि ती यात फरक काय राहिला? मुद्दा बरोबर आहे, नटांना काम मिळालं हेही चांगलं. पण मग गिलियडमध्ये कुणाला कुणाचा रंगच दिसेनासा झाला. ज्या अमेरिकेत रंगावरून शाळा, बस आणि दवाखाने वेगळे होते, ती धर्मवेड्यांच्या हाती गेल्यावर एकदम रंग विसरेल? पुस्तकानं काळ्यांना घराबाहेर काढलं, मालिकेनं घरात घेतलं, पण त्यांचा इतिहास चपलांसारखा बाहेर ठेवायला लावला.

यावर तोड जावयानं काढली. म्हणाला, "आई, तुम्ही दोघी आता ऑक्टेव्हिया बटलर वाचा." त्यानंच 'किंड्रेड' पाठवलं.

ऑक्टेव्हिया बटलर १९४७ साली कॅलिफोर्नियात पासाडिनाला जन्मली. वडील लहानपणीच गेले. आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई करायची. छोटी ऑक्टेव्हिया आईबरोबर मागच्या दारानं त्या घरांत जायची आणि आईला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते बघायची. पुढे ती मोठी विज्ञानकथा लेखिका झाली. १९९५ साली तिला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, विज्ञानकथा लिहिणाऱ्याला ती प्रथमच मिळत होती. २००६ साली ती गेली.

'किंड्रेड' १९७९ चं, म्हणजे ॲटवूडबाईंच्या पुस्तकाच्या सहा वर्षं आधीचं. त्यातली डेना ही १९७६ सालच्या कॅलिफोर्नियातली काळी लेखिका, नवरा गोरा. सव्विसाव्या वाढदिवशी तिला एकाएकी चक्कर येते आणि ती एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये, गुलामांच्या मळ्यावर जाऊन पडते. मालकाचा मुलगा रूफस बुडत असतो, त्याला ती वाचवते. असं पुन्हा पुन्हा होतं. तिला कळतं की हाच आपला पूर्वज. हा जगला तरच आपण जन्माला येणार. आणि तो जगून, मोठा होऊन, ॲलिस नावाच्या काळ्या बाईवर जबरदस्ती करणार, तेव्हाच आपली पणजी-खापरपणजी जन्मणार! वाचताना घशाशी आवंढा येतो. शेवटी डेना परत येते ती ४ जुलै १९७६ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वाढदिवशी, आणि तिचा डावा हात मात्र भूतकाळातच राहतो.

ॲलिस आपल्या मुलीचं नाव ठेवते हागार. पुन्हा मराठी बायबल काढलं. गिलियडच्या दासींची कल्पना ज्या गोष्टीवरून आलीय ती राहेल आणि तिची दासी बिल्हा यांची गोष्ट उत्पत्तीच्या पुस्तकातच आहे. पण त्याच पुस्तकात तिच्याआधी आणखी एक दासी येते. हागार. साराची दासी, मिसर देशची, परक्या वंशाची. तिच्याकडून मूल करून घेतात आणि पुढे तिला मुलासकट वाळवंटात हाकलून देतात. एकाच धर्मग्रंथातून दोन लेखिकांनी दोन दासी उचलल्या. ॲटवूडबाईंनी बिल्हा घेतली. बटलरबाईंनी घेतलेल्या दासीच्या कपाळी दासीपणही होतं, परकेपणही होतं आणि हाकलून देणंही.

बटलरबाईंचं दुसरं पुस्तक, 'पॅरेबल ऑफ द सोअर', १९९३ चं. बायबलमधल्या पेरणाऱ्याच्या दृष्टांतावरून नाव. हे भविष्याचं, आणि गंमत म्हणजे त्यातलं भविष्य सुरू होतं २० जुलै २०२४ ला! आपण ती तारीख ओलांडलीसुद्धा. दुष्काळ, आगी, महागाई यांनी अमेरिका मोडकळीला आलीय. लॉरेन ही पंधरा वर्षांची काळी मुलगी भिंतीआडच्या वस्तीत राहते आणि रोजनिशी लिहिते. दुसऱ्याला दुखलेलं दिसलं की हिलाही तेवढंच दुखतं, असा तिला विकार आहे. पुढे वस्ती जळते आणि ती उत्तरेकडे पायी निघते. बरोबर एक काळी बाई आणि एक गोरा मुलगा. निघण्याआधी ती हिशेब करते. काळी बाई आणि गोरा पुरुष जोडीनं दिसले तर रस्त्यात मार खावा लागेल. म्हणून लॉरेन पुरुषाचा वेष घेते. आता एक काळं जोडपं आणि त्यांचा गोरा मित्र, एवढंच लोकांना दिसेल.

या एवढ्याशा हिशेबात क्रेनशॉबाईंचा सगळा चौक आला. ऑफ्रेडला हा हिशेब करावाच लागत नाही.

वाटेत लॉरेनला माणसं मिळत जातात. एकाची आई श्रीमंताच्या घरी स्वयंपाकीण होती, मालकाच्या कपाटातली पुस्तकं चोरून आणून तिनं मुलाला शिकवलं. एका बाईच्या मुलांना कर्जापायी मालकांनी नेलं. जुनी गुलामीच, फक्त कागदपत्रं नवी. बटलरबाईंच्या भविष्यात काळी माणसं आहेत, म्हणून भूतकाळही आहे. आणि भूतकाळ ठाऊक असलेली माणसं भविष्यात जरा सावध चालतात.

नात दोन आठवड्यांत दोन्ही पुस्तकं वाचून मोकळी झाली. म्हणाली, "आजी, यात मी आहे." बास. एवढंच म्हणाली.

मला मात्र 'किंड्रेड' वाचताना २०१९ ची एक दुपार आठवत होती. बाल्टिमोरला विहीणबाईंकडे मी पहिल्यांदा गेले होते. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं, माझं त्यांना पाव! जेवणं झाल्यावर त्यांनी कपाटातून घरचं जुनं बायबल काढलं. पहिल्या कोऱ्या पानांवर घराण्यातले जन्म-मृत्यू लिहिलेले. त्यांनी सर्वांत वरच्या नावावर बोट ठेवलं आणि वर नुसता हात हलवला, म्हणजे याच्या पलीकडे काही नाही. मग लेकीनं समजावलं. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन शिरगणतीत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली झाली. वय, लिंग, रंग, बस्स. नावाचा रकानाच नव्हता. गुलामी संपल्यावर १८७० च्या शिरगणतीत ही माणसं पहिल्यांदा नावानिशी आली. म्हणून बहुतेक काळी घराणी शोध घेत मागे गेली की १८७० च्या भिंतीला येऊन थडकतात.

माझ्या आजोळच्या वंशावळीचा कागद माझ्याकडे आहे, त्यात सात पिढ्यांचे पुरुष आहेत. बाई एकही नाही! तेव्हा त्या दुपारी आम्ही दोघी म्हाताऱ्या आपापल्या रिकाम्या जागांकडे बघत बसलो होतो. माझ्या कागदात बायका नव्हत्या. त्यांच्या भिंतीपलीकडे बायका, पुरुष, कुणीच नव्हतं. दोन्ही दुःखंच, पण सारखी नव्हेत, आणि सारखी म्हणू नयेत.

आपल्याकडे हे कळणारी माणसं फार आधी होऊन गेली. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, ते अर्पण केलं अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांनी तिकडची बेडी ओळखली, कारण इकडची त्यांना रोज दिसत होती. त्याच्याही आधी १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. त्यात आपल्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसतं, हे तिनं मांडलं. बाईचं दुःख सगळ्या बायकांना सारखं नसतं, हे चौदा वर्षांच्या मुलीला कळलं होतं. तिच्याकडे क्रेनशॉबाईंचा शब्द नव्हता, एवढंच.

"पण आता सगळं बदललंय की," असं काही जण म्हणतील. १९७३ साली अलाबामात चौदा आणि बारा वर्षांच्या दोन काळ्या बहिणींची सरकारी पैशावर चालणाऱ्या दवाखान्यात नसबंदी करून टाकली. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, इंजेक्शनांसाठी फुली मारतोय. गिलियडमध्ये बाईला मूल व्हावं म्हणून जुलूम होतो, इथं होऊ नये म्हणून झाला. राज्यसत्ता एका हातानं एकीची कूस बळकावते आणि दुसऱ्या हातानं दुसरीची बंद करते. नुसतं 'बाईवर अन्याय' म्हटलं तर हा दुसरा हात दिसतच नाही. आणि अगदी अलीकडचं सांगायचं, तर अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२१ साली दर लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या बायकांत माता-मृत्यू २६.६ होते, काळ्या बायकांत ६९.९. माझी नात उद्या त्याच देशात आई होणार आहे. हा आकडा मी कथा-कादंबरीतला म्हणून सोडून देऊ शकत नाही.

म्हणून 'हँडमेड्स टेल' वाचू नका, असं मी म्हणत नाहीये हं! जरूर वाचा. सत्ता बाईच्या अंगावरचं एकेक स्वातंत्र्य कसं काढून घेते, आणि शेजारच्या बायका त्यात कशी मदत करतात, हे इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. २०१९ साली त्याच्या पुढच्या भागाला, 'द टेस्टामेंट्स'ला, बुकर पुरस्कार मिळाला. तो त्या वर्षी विभागून दिला, ॲटवूडबाई आणि बर्नार्डिन एव्हरिस्टो या दोघींना. एव्हरिस्टोबाई बुकर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा काळ्या बाईला बुकर मिळालं, आणि तेही अर्धं! यात ॲटवूडबाईंचा काही दोष नाही. पण बैलगाडीतून जाणाऱ्याच्या नजरेतून हाही दगड सुटत नाही.

पुस्तक वाचताना एक प्रश्न तेवढा जवळ ठेवावा असं मला वाटतं. या गोष्टीतून एका ओळीत कुणाला बाहेर काढलंय? तो प्रश्न अमेरिकेच्या पुस्तकांना जसा लागू आहे तसा घरातल्या गप्पांनाही. "गोरा तरी बघायचा होता," हीसुद्धा एक ओळच होती, आणि त्या एका ओळीत माझा जावई, विहीणबाई आणि न जन्मलेली नात, तिघंही बसमध्ये बसवली गेली होती.

तर आता नातेवाईक मंडळींसाठी निरोप. येत्या डिसेंबरात लेक-जावई, नात आणि विहीणबाई असे सगळे आपल्या घरी येत आहेत. विहीणबाई भारतात पहिल्यांदाच येताहेत, येताना ते बायबलही आणणार आहेत. घरी जरूर या, जेवायलाच या. विहीणबाईंना पुरणपोळी आवडते, लेकीनं सवय लावलीय. नातीचं मराठी ऐका, माझ्या इंग्रजीपेक्षा पुष्कळ बरं आहे. तिला अभ्यास विचारा, पुस्तकं विचारा, पुढे काय व्हायचंय ते विचारा. रंग कुणावर गेलाय ते मात्र विचारू नका. आणि चुकून कुणी विचारलंच, तर उत्तर ती स्वतः देईल. मी पुरणपोळ्या लाटत असेन.